एकाच तारखेच्या घटनांमधले समान सूत्र खरे की जुळवलेले, हे कसे ओळखावे?

प्रश्न : पांझराकाठ (धुळे)

नमस्कार. मी धुळे तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. परिपाठात प्रतिज्ञा आणि सुविचारानंतर दिनविशेष वाचला जातो. बहुतेक शाळांप्रमाणे आमच्याकडेही तो दिनदर्शिकेवरून जसाच्या तसा उतरवलेला असे : अमुक यांचा जन्म, तमुक यांचे निधन, कुठल्या तरी देशात कसला तरी करार. यंदा आठवी-नववीच्या मुलांना मी थोडे वेगळे काम दिले आहे. त्या तारखेच्या घटनांमधून एका सूत्रात ओवता येतील अशा तीन-चार निवडायच्या आणि ते सूत्र कोणते, हे स्वतःच्या शब्दांत मांडायचे. मुलांना हे काम मनापासून आवडले आहे आणि म्हणूनच ते नीट व्हावे अशी माझी इच्छा आहे.

31 डिसेंबरसाठी एका गटाने चार घटना निवडल्या. 1600 साली या दिवशी इंग्लंडच्या राणी एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीला पूर्वेकडील व्यापाराची सनद दिली. 1802 साली याच दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईला त्या कंपनीशी तह करून तैनाती फौज पदरात घेतली. 1926 साली याच दिवशी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आपल्या धुळ्यात निवर्तले. आणि 1929 च्या 31 डिसेंबरला मध्यरात्री लाहोरला रावीच्या काठी जवाहरलाल नेहरूंनी तिरंगा फडकवला व पूर्ण स्वराज्याची घोषणा झाली. गटाने सूत्र लिहिले ते असे : "ज्या दिवशी कंपनी जन्मली त्याच दिवशी पेशवाई तिच्या हाती गेली आणि त्याच दिवशी देशाने ती सत्ता नाकारली."

वाक्य वाचून वर्गात शांतता पसरली. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, पण हे सगळे याच दिवशी का घडले?" या प्रश्नाला नेमके उत्तर द्यायला हवे असे मला वाटते. काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे की अशी सूत्रे शोधायला लावल्याने मुले तारखांमध्ये शुभ-अशुभ पाहू लागतील, म्हणून हा उपक्रमच बंद करावा. मला तो बंद करायचा नाही. पण कोणते सूत्र खरे आणि कोणते केवळ आपण जुळवलेले, हे मुलांना स्वतः तपासता येईल अशी कसोटी मला हवी आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : जुना मास्तर (अमळनेर)

ताई, उपक्रम मुळीच बंद करू नका. त्या मुलीने जो प्रश्न विचारला, तीच तुमची कसोटी आहे. फक्त तो चारही घटनांना मिळून न विचारता प्रत्येक घटनेला वेगवेगळा विचारावा लागेल. ही घटना याच तारखेला घडावी असे कोणी किंवा कशाने ठरवले?

1929 पासून सुरुवात करू, कारण तिथे उत्तर सर्वांत स्पष्ट आहे. 1928 च्या कोलकाता अधिवेशनात काँग्रेसने इंग्रज सरकारला एक वर्षाची मुदत दिली होती : 31 डिसेंबर 1929 पर्यंत वसाहतीचे स्वराज्य द्या, नाहीतर आम्ही संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी करू. मुदत संपली तो क्षण म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र. म्हणजे ही तारीख माणसांनी विचारपूर्वक ठरवलेली आहे, पण ती कंपनीच्या सनदेची किंवा वसईची आठवण म्हणून ठरवलेली नाही. वर्ष तिथे संपते एवढेच तिचे कारण.

वसईचे तसे नाही. ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला, बाजीराव पुण्याहून निसटला, कोकणातून इंग्रजांच्या आश्रयाने वसईला पोहोचला आणि तिथे वाटाघाटी पूर्ण झाल्या तेव्हा सह्या झाल्या. सहा हजारांची फौज आणि तिच्या खर्चापोटी सव्वीस लाखांचा मुलूख, हा सौदा आणखी आठ दिवसांनी झाला असता तरी त्यातले एक अक्षरही बदलले नसते. सनदेची तारीख लंडनच्या दरबारातल्या कामकाजाची, आणि राजवाड्यांच्या निधनाची तारीख तर कोणाच्याच हातात नव्हती.

आता दुसरी पायरी. चारही घटनांच्या तारखा पुसून टाका आणि सूत्र उरते का ते पाहा. सनद, वसई आणि लाहोर यांतले सूत्र पूर्ण उरते. सनद नसती तर वसईला तह करायला कंपनीच नसती. वसईच्या तहातून दुसरे इंग्रज-मराठा युद्ध उद्भवले, त्यानंतर तिसरे, आणि 1818 मध्ये आपला खानदेशही इंग्रजांकडे गेला. त्या साली फेब्रुवारीत तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यावर काय झाले ते शिरपूरकडच्या मुलांना ठाऊक असते : होळकरांनी तहात दिलेला किल्ला किल्लेदाराने सोडला नाही, इंग्रजी फौजेने तो घेतला, आतली शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी झाली. ही घटना 27 फेब्रुवारीची आहे, म्हणून ती तुमच्या 31 डिसेंबरच्या फलकावर कधीच येणार नाही. तरीही वसईच्या तहाशी तिचे नाते त्या फलकावरच्या कोणत्याही दोन घटनांपेक्षा जवळचे आहे. मुलांना हे जरूर दाखवा. एकच तारीख हा घटना निवडण्याचा एक मार्ग आहे. घटनांमधले नाते तारखेने निर्माण होत नाही.

म्हणून गटाच्या वाक्यातला "त्याच दिवशी" हा भाग माझ्या मते काढावा आणि बाकीचे ठेवावे. "ज्या दिवशी... त्याच दिवशी" असे म्हटले की ऐकणाऱ्याला दिवसाचेच काही कर्तृत्व असल्यासारखे वाटते, आणि तुमच्या सहकाऱ्यांची भीती तिथेच खरी ठरते.

राजवाड्यांचे मात्र वेगळे आहे. तारखा पुसल्या तर ते या साखळीत घटना म्हणून बसत नाहीत. पण ज्यांच्या कष्टांमुळे ही साखळी आपल्याला कळते त्यांच्यापैकी ते आहेत. गावोगावच्या दप्तरांतून कागद मिळवून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड प्रसिद्ध केले, आणि त्यांच्या मागे 1927 मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. धुळ्याच्या शाळेने त्यांना या फलकावर वेगळी ओळ द्यावी आणि जमल्यास मुलांना मंडळात नेऊन एखादा मूळ मोडी कागद दाखवावा, असे मी आग्रहाने सुचवेन. तह हा कधीतरी कोणीतरी हाताने लिहिलेला कागद असतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर तारीख ही गोष्टसुद्धा मुलांना वेगळी वाटू लागते.

तारखा जुळण्यामागे खरोखर कारण असते अशीही उदाहरणे मुलांना द्यावीत, नाहीतर सगळेच योगायोग असा उलटा समज होईल. 26 जानेवारी 1950 ही तारीख 26 जानेवारी 1930 च्या स्वातंत्र्यदिनाची आठवण म्हणून निवडली गेली. इथे दुसरी घटना पहिलीकडे पाहूनच घडली. 15 ऑगस्टचे नाते याहून गुंतागुंतीचे आहे. माउंटबॅटन यांनी भारताच्या स्वातंत्र्यासाठी तो दिवस निवडला तो 1945 मध्ये त्या दिवशी जपानने शरणागती जाहीर केली होती म्हणून, आणि कोरियाची जपानी राजवटीतून सुटका झाली तीही त्याच शरणागतीमुळे, म्हणून कोरियाचा मुक्तिदिनही 15 ऑगस्टच आहे. दोन देशांचा एकमेकांशी थेट संबंध नसताना त्यांचे राष्ट्रीय दिवस एकाच मुळातून आले.

आणि आपल्या घरचे उदाहरण म्हणजे 27 डिसेंबर. 1911 साली या दिवशी कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात "जन गण मन" प्रथम गायले गेले, आणि 1936 साली याच दिवशी यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन नेहरूंच्या अध्यक्षतेखाली सुरू झाले. हा योगायोग वाटतो, पण काँग्रेसची सुरुवातीची अधिवेशने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरत, कारण नाताळच्या सुट्टीत न्यायालये आणि महाविद्यालये बंद असत आणि वकील-प्राध्यापक मंडळींना तेव्हाच प्रवास करता येई. 28 डिसेंबर 1885 चे मुंबईचे पहिले अधिवेशनही त्याच आठवड्यातले. 1930 नंतर हा प्रघात नेहमी पाळला गेला नाही, पण फैजपूरचे अधिवेशन पुन्हा त्याच आठवड्यात भरले. म्हणजे अनेक तारखा जुळण्याचे कारण इंग्रजांच्या सुट्टीच्या यादीत आहे. अशी कारणे शोधायला लावलीत तर मुले दिनविशेष वाचणार नाहीत, तपासतील.

प्रतिसाद : खगोलप्रेमी (जळगाव)

सरांच्या विवेचनाला मी एक महत्त्वाची भर घालू इच्छितो : "एकच तारीख" म्हणजे "एकच दिवस" असे दर वेळी नसते.

1600 मध्ये इंग्लंडमध्ये जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती. युरोपातल्या कॅथलिक देशांनी 1582 पासून नवी ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली होती आणि ती दहा दिवस पुढे होती. लंडनमध्ये सनदेवर 31 डिसेंबर 1600 लिहिले गेले तेव्हा रोममध्ये 10 जानेवारी 1601 होती. आपण आज जी दिनदर्शिका वापरतो ती रोमची. इंग्लंडने ती 1752 मध्ये स्वीकारली, तेव्हा 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर आली. शिवाय 1752 पूर्वी इंग्लंडमधले कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई, त्यामुळे सनदेवरचा 31 डिसेंबर हा सरकारी हिशेबात वर्षाचा शेवटचा दिवसही नव्हता. एखाद्या गटाने "वर्षाखेरीचे निर्णय" असे सूत्र मांडले तर लाहोर त्यात बसेल, सनद बसणार नाही.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण 23 एप्रिलचे. शेक्सपिअर आणि स्पेनचा सर्व्हान्टिस हे दोघे 23 एप्रिल 1616 रोजी वारले असे सांगितले जाते आणि जागतिक पुस्तक दिनाच्या निमित्ताने दर वर्षी ते वाचायला मिळते. पण शेक्सपिअरची तारीख जुन्या दिनदर्शिकेतली, म्हणजे नव्या हिशेबाने 3 मेची आहे, आणि सर्व्हान्टिसचे निधन 22 एप्रिलला होऊन 23 ला दफन झाले. दोघांच्या मृत्यूंमध्ये दहा दिवसांहून अधिक अंतर आहे. युनेस्कोने तो दिवस पुस्तकांसाठी निवडला हे मात्र खरे आणि चांगले आहे.

दुसरी बाब गणिताची. कोणतीही तारीख घ्या, जगाच्या इतिहासात त्या तारखेला नोंदवलेल्या शेकडो घटना सापडतात. शेकडो घटनांमधून चार निवडायच्या आणि त्यांत सूत्र शोधायचे म्हटले तर ते सापडणारच. न सापडले तरच नवल. वर्गात याचा प्रयोग सहज करता येतो. तेवीस मुले असली तर त्यांतल्या कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते आणि पन्नास मुलांच्या वर्गात ती 97 टक्क्यांपर्यंत जाते. मुलांना हे ऐकून खोटे वाटते, म्हणून हजेरीपटावरून प्रत्यक्ष पडताळून पाहू द्या. अमेरिकेचे दोन माजी राष्ट्राध्यक्ष, जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफर्सन, हे दोघेही 4 जुलै 1826 रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्याच दिवशी वारले, आणि पाच वर्षांनी जेम्स मन्रो हेही 4 जुलैलाच. त्या काळातल्या लोकांना यात ईश्वरी संकेत दिसला. हजेरीपटाचा प्रयोग केलेली मुले आधी हे विचारतील की ज्या राष्ट्राध्यक्षांच्या तारखा जुळल्या नाहीत ते किती.

प्रतिसाद : सातपुड्याचा पायथा (नंदुरबार)

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, परंतु आमच्या भागातल्या दोन तारखांचा विचार केल्यावर मला एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. घडताना दोन घटनांचा संबंध नसला, तरी पुढे लोक त्या एकाच दिवशी साजऱ्या करू लागले की संबंध निर्माण होतो, आणि तोही इतिहासच असतो.

9 ऑगस्ट हा आपला क्रांतिदिन. 1942 साली त्या पहाटे मुंबईत गांधीजी आणि इतर नेत्यांना अटक झाली आणि लढा लोकांनी हाती घेतला. नंदुरबारमध्ये बरोबर एक महिन्याने, 9 सप्टेंबरला, मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि शिरीषकुमार मेहता व त्याच्याबरोबरचे आणखी चार जण हुतात्मा झाले. हे नाते कार्यकारणाचे आहे, तारखेचे नाही. दुसरीकडे 9 ऑगस्ट हाच जागतिक आदिवासी दिनही आहे. संयुक्त राष्ट्रांनी तो 1994 मध्ये जाहीर केला, कारण 1982 साली त्या दिवशी आदिवासींच्या प्रश्नांवरील कार्यगटाची पहिली बैठक भरली होती. त्या बैठकीचा आणि भारत छोडो आंदोलनाचा काहीही संबंध नाही. पण आज आमच्याकडे धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडे 9 ऑगस्टला पारंपरिक वेशात, ढोल घेऊन लोक रस्त्यावर येतात, आणि त्याच दिवशी शाळांमध्ये क्रांतिदिनाची भाषणे होतात. भिल्लांनी इंग्रजांशी दिलेल्या लढ्यांची, खाज्या नाईकांसारख्यांची आठवण या दिवशी निघते तेव्हा दोन्ही दिनविशेष एका ठिकाणी येतात. ही जोडणी आदिवासी समाजाने केली आहे, दिनदर्शिकेने नाही. मुलांनी ती "जुळवलेले सूत्र" म्हणून बाजूला टाकू नये असे मला मनापासून वाटते.

दुसरी तारीख 14 एप्रिल 1944. त्या दिवशी शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला, डॉ. उत्तमराव पाटील आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी हे त्यात होते. त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजावर कापसाच्या गाठींना आग लागली, पोटातली स्फोटके उडाली, शेकडो माणसे गेली आणि आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे 66 जवान मृत्युमुखी पडले. राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन त्यांच्याच स्मरणार्थ पाळला जातो. इथे तारीखच नव्हे, वर्षही एक आहे. तरी एकीमुळे दुसरी घडली नाही. मात्र दोहोंच्या मागे एकच महायुद्ध उभे आहे : त्याच्यासाठीच ती स्फोटके मुंबईत आली होती आणि त्याच्याच काळात इथले लोक त्या सरकारशी लढत होते. 14 एप्रिल म्हटले की गावोगाव बाबासाहेबांची जयंती असते आणि ती तशीच असावी. त्या फलकाच्या एका कोपऱ्यात चिमठाण्यालाही जागा मिळावी, एवढीच माझी विनंती आहे.

पांझराकाठ (धुळे)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनःपूर्वक आभार. सरांची पहिली कसोटी मी वहीत एक रकाना म्हणून घेतली आहे : प्रत्येक घटनेपुढे "ही तारीख कशी ठरली?" असे लिहायचे. 31 डिसेंबरच्या गटाला मी वाक्य पुन्हा लिहायला सांगितले. त्यांनी सनद, वसई आणि लाहोर यांची साखळी ठेवली, थाळनेर त्यात "दुसऱ्या तारखेची पण याच साखळीतली घटना" म्हणून आणले आणि राजवाड्यांना स्वतंत्र चौकट दिली. नंदुरबारच्या दादांनी सांगितलेला "लोकांनी जोडलेल्या तारखा" हा प्रकारही मी वेगळा ठेवणार आहे, कारण पोळा किंवा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावात जे घडते ते मुलांना ठाऊक असते आणि तिथून त्यांना हे लवकर समजेल.

एक शंका राहते. शिवराज्याभिषेक दिनाचा फलक ग्रामपंचायतीसाठी दर वर्षी आमचीच मुले लिहितात. 6 जून 1674 बरोबर 6 जून 1944 चे नॉर्मंडीचे सैन्यावतरण (दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या ती घटना) ठेवून "स्वातंत्र्यासाठीचे धाडस" असे सूत्र एका गटाने आधीच सुचवले आहे. तिथेही दिनदर्शिकेचा प्रश्न येतो का?

खगोलप्रेमी (जळगाव)

होय, येतो. राज्याभिषेकाची मूळ नोंद ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596 ही आहे. तिची प्रचलित इंग्रजी तारीख 6 जून ही जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेतली आहे. आजच्या दिनदर्शिकेने तो दिवस 16 जून 1674 होता. चंद्राच्या गणितावरून हे पडताळता येते, मी ते करून पाहिले आहे. शिवजयंतीच्या 19 फेब्रुवारी 1630 चेही तसेच असून फाल्गुन वद्य तृतीयेचा तो दिवस आजच्या हिशेबाने 1 मार्च येतो. म्हणून सूर्याच्या गतीने पाहिले तर रायगड आणि नॉर्मंडी यांच्या दिवसांत दहा दिवसांचे अंतर आहे आणि "एकाच दिवशी" असे लिहिता येणार नाही.

परंतु सरांच्या कसोटीवर या दोन घटना लावल्या तर गटाने सुचवलेल्या सूत्रापेक्षा अधिक नेमके काहीतरी हाती येते. राज्याभिषेकाचा दिवस पंचांग पाहून, मुहूर्त काढून ठरला होता. नॉर्मंडीचा दिवसही चंद्र पाहूनच ठरला : रात्री विमानांतून उतरणाऱ्या सैनिकांना चांदणे हवे होते आणि पहाटे किनाऱ्यावर ओहोटी हवी होती, आणि हे दोन्ही पौर्णिमेच्या आसपासच जुळते. आधी 5 जून ठरला होता, वादळी हवेमुळे तो एक दिवस पुढे गेला, आणि 6 जून 1944 ला पौर्णिमाच होती. एका ठिकाणी चंद्र धर्मशास्त्रासाठी पाहिला गेला, दुसऱ्या ठिकाणी भरती-ओहोटीसाठी. फलकावर आधी तिथी, मग 6 जून, आणि त्याखाली बारीक अक्षरात 16 जून असे तिन्ही लिहिलेत तर गावातले वडीलधारे थांबून विचारतील, आणि मुलांना उत्तर देता येईल.